आईची विळी

“मॅडम, ग्रहणात आईनं भाजी चिरली, तं पोटातल्या बाळाच्या हृदयाची नळी चिरल्या जाते का?”

“हिंमत असन तं इचार वं,” असं मैत्रिणींनी डिवचलं म्हणून अपेक्षा ताडकन उठली खरी, पण प्रश्न तिच्याच घरचा होता. वर्गात हशा पिकला. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टर मॅडम मात्र हसल्या नाहीत.

“कोणाचं बाळ?”

“माझा भाऊ. हृदयातून निघणारी मोठी नळी मधातच तुटेल होती. बारशाआधीच गेला.”

“ग्रहण कधी होतं?”

“आईले सातवा लागला होता.”

“ती नळी पहिल्या दोन महिन्यांतच घडते, पोरी. क्वचित एखाद्या बाळाची अशी अर्धवट राहते. त्यात विळीचा काही संबंध नाही, आणि आईचा तर नाहीच.”

अपेक्षा घरी पळतच आली. बाबा रोजच्यासारखे वांगी चिरत होते. बाळ गेल्यापासून त्यांनी आईला विळीला हात लावू दिला नव्हता. गल्लीतल्या बाया कौतुकानं म्हणायच्या, “रंगराव बायकोले लय जपते!” आई मान खाली घालून लसूण सोलत होती.

अपेक्षानं मॅडमचं बोलणं एका दमात सांगितलं. बाबांचा हात थांबला.

“मी कधी एक शब्द तरी बोललो का तुह्या मायले?”

“बोलले नाही, बाबा. रोज चिरून दाखवलं.”

तिनं विळी उचलून आईपुढे ठेवली.

“आजपासून भाजी आई चिरन. तुम्ही लसूण सोला.”