मागची फळी

अजिनाथच्या फायबरच्या बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिन बसतं, ती कुजली होती. धरणात मासे लागायचे हेच आठ-दहा दिवस. बोट दुरुस्त करणारं आसपास कोणी नव्हतं, म्हणून त्याने ती दिंद्रुडच्या राधाकिशनकडे नेली. राधाकिशन फायबरच्या पाण्याच्या टाक्या दुरुस्त करायचा.

त्याने कुजकं लाकूड काढलं, नवी फळी बसवली, वर फायबरचे थर दिले. मग टाकी तपासतात तशीच बोट तपासली. टँकरवाल्याला सांगून काठोकाठ भरून घेतली.

"सकाळधरनं थेंब गळला न्हाई," तो अजिनाथला म्हणाला.

"लई झ्याक! आता सांडून द्या पाणी. टेम्पो उभा हाय."

"सांडून?" घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या छबुबाई कडाडल्या. "आठ दिसांनी टँकर आलाय. हितं लेकरं तहानलीत, आन् तुमाला मासे सुचतेत व्हय?"

गल्ली जमली. सरपंच आले. त्यांनी दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं.

"पाणी सांडायचं न्हाई, आन् भांडायचं बी न्हाई," ते म्हणाले.



संध्याकाळपर्यंत अजिनाथच्या नव्या फळीला भोकं पाडून चार तोट्या बसवल्या होत्या.