कापडातला वाटाणा

आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर निम्म्या बायका गावातल्या, निम्म्या ऊसतोडीला आलेल्या कानडी. म्हणून मी, इथली नर्स, सगळं दोनदा सांगते, आधी मराठीत, मग कानडीत. शिकवायची कापडी छाती हातोहात फिरून माझ्याकडं आली. गाठ म्हणून आत शिवलेला वाटाणा बोटांना लागताच बायका लाजल्या होत्या. "गाठ अशीच लागते. दुखली न्हाय तरी लपवायची न्हाय. त्याच दिवशी सांगायचं," मी बजावलं. गावातल्या धोंडुबाई ओरडल्या, "कापडावर काय कळतंय? सोताच्या अंगावर दावा की!" हशा पिकला. मी पदराआड बोटं फिरवली आणि डावीकडं थांबले. पुन्हा फिरवली. पुन्हा तिथंच. दुसऱ्या हातात कापडातला वाटाणा होता. दोन्ही हातांना सारखंच लागत होतं. "बाई, काय लागलं व्हय?" धोंडुबाईंनी विचारलं. "कुठं काय? कायबी न्हाय," मी हसून म्हणाले. मग पलीकडच्या बायकांकडं वळून तेच कानडीत सांगितलं.