गुलाबी प्रत

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने अकरावा गठ्ठा फोडला. लोखंडी पट्टी कापताच दाबून बसवलेला रद्दी कागद फुगून बाहेर आला आणि त्याच्या गुडघ्यांपर्यंत साचला. धाकटा त्यातच खाली बसला आणि एकेक कागद बाजूला करू लागला.

त्याला एक चिठ्ठी हवी होती. तळहाताएवढी, गुलाबी.

रसायनाची टाकी आतून साफ करायची, तर माणूस उतरण्याआधी परवाना चिठ्ठी लागते. एकाने मीटर सोडून आतला वायू तपासायचा, चिठ्ठीवर सही करायची, मग दुसऱ्याने उतरायचं. चिठ्ठीच्या प्रती तीन. पांढरी ऑफिसात, पिवळी मुकादमाकडे आणि गुलाबी टाकीच्या झाकणाला तारेने अडकवलेली. अठरा दिवसांपूर्वी धाकट्याचा थोरला भाऊ एका कारखान्यातल्या अशाच टाकीत उतरला आणि वर आला तो चौघांच्या हातांवर. सफाई कंपनी म्हणाली, चिठ्ठी काढलीच नव्हती, हा आपल्या मनानेच उतरला. मेलेल्याच्या माथ्यावर खापर फोडणं सगळ्यांत सोयीचं. तो काही उठून भांडायला येत नाही.

कंपनीत मीटर चालवणारे सहा जण होते. सहाही जण म्हणाले, आम्ही त्या टाकीकडे फिरकलोच नाही.

पांढरी प्रत नव्हती, पिवळीही नव्हती. गुलाबी प्रत मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. ती आली वहिनीच्या. लग्नाआधी ती याच सफाई कंपनीच्या रद्दीच्या यार्डात कागद निवडायची. त्या कारखान्याचा टाकाऊ कागद इथेच येतो, त्याचे गठ्ठे बांधतात आणि मग लगद्याच्या कुंडात घालतात, हे तिला पाठ होतं. तिने कामगार निरीक्षकाचं दार ठोठावलं. निरीक्षकाने हुकूम काढला, कारखान्याच्या गठ्ठ्यांना हात लावायचा नाही, शुक्रवारी माझी माणसं येऊन ते तपासतील.

"शुक्रवारपर्यंत मुकादम हातावर हात ठेवून बसेल होय?" वहिनी म्हणाली. "आपणच आधी शोधायला हवी."

"मी शोधतो," धाकटा ताडकन म्हणाला. "तुम्ही घरीच थांबा."

तेव्हापासून त्याच्या घशाखाली नीट घास उतरला नव्हता. डोळे खोल गेले, बोटं कागदाने चिरली. यार्डातल्या बायका एकमेकींना म्हणायच्या, भाऊ असावा तर असा. मुकादमाला तर कधी नव्हे तो पाझर फुटला. हुकूम गुंडाळून ठेवून त्याने यार्डाची किल्ली दिली, धाकट्याला तीन दिवस मीटरच्या कामातून मोकळं केलं.

"सापडली की कुणाला दाखवू नकोस," तो म्हणाला. "आधी माझ्याकडे आण."

हे ऐकून वहिनीचा पारा चढला. "त्याच्या हातात दिलीत तर बघा, भावजी. त्याला ती गिळायलाच हवीय."

"नाही देणार," धाकटा म्हणाला. आणि खरंच, मुकादमाला ती द्यावी असं त्याच्या मनातही नव्हतं.

दुपारी वहिनी न सांगताच यार्डात आली. डोक्याला फडकं बांधून समोरच्या गठ्ठ्याला भिडली. जुनी सवय, तिचे हात धाकट्याच्या दुप्पट चालत होते.

"वहिनी, धुळीत कशाला..."

"पोरीला शाळेत काय म्हणतात ठाऊक आहे? तुझा बाप बिनडोक होता, म्हणून मेला." वहिनीने मान वर केली नाही. "ज्याने न तपासता सही केली, त्याचं नाव मला हवंय. बास."

"नाव कळून दादा परत येणार आहे का?"

"नाही. पण पोरीचा बाप तिला परत मिळेल." एक पुठ्ठा बाजूला करत ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी तिथे असतात, तर ह्यांना उतरू दिलं नसतंत."

धाकट्याने नवा गठ्ठा ओढला.

"भावजी! गुलाबी!"

धाकटा झेपावला आणि तिच्या हातातून कागद हिसकावून घेतला. चहाचं कुपन होतं. त्याने ते दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं, तरी हातातून सोडेना. वहिनीने त्याला धरून बसवलं, पाणी पाजलं. तिला त्याची इतकी कीव आली की तिचेच डोळे भरले.

चिठ्ठी मिळाली ती चौदाव्या गठ्ठ्यात, एका ओल्या पुठ्ठ्याला चिकटलेली. वर तारेने फाटलेलं भोक. टाकीचा नंबर, तारीख, थोरल्याचं नाव. खाली एक ओळ: 'आतील वायू तपासला, उतरण्यास हरकत नाही.' त्यापुढे सही. धाकट्याने ती दोनदा वाचली. वहिनीची पाठ त्याच्याकडे होती. पाच पावलांवर लगद्याचं कुंड घुसळत होतं.

"जरा पाठ मोकळी करतो," असं म्हणत तो उठला, कुंडाच्या काठाशी गेला आणि मूठ उघडली.

"मिळालं का काही?" मागून वहिनीने विचारलं.

"नाही, वहिनी. काहीच नाही."

आणि त्याला रडू कोसळलं. खरंखुरं, हमसून हमसून. वहिनी धावत आली, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"रडू नका. उद्या ती माणसं बघतीलच. तुम्ही काही कमी नाही केलंत. सख्ख्या भावासाठी कोण एवढं करतं?"

कुंडात गुलाबी तुकडा एकदा उलटून वर आला. कार्बनची अक्षरं पाण्याने लगेच जात नाहीत. धाकट्याला त्यावरची स्वतःची सही अजून वाचता येत होती.