श्रीरंगचं घोडं

आणखी एका झोपडीसमोर घोडं थांबलं, तसे त्र्यंबकराव वैतागले.

“अरे, हाक की त्याला! उजेड असेतो पोचायचंय.”

“ते आमचं ऐकत नाही, बाबा,” वाटाड्या मोलेफी खालमानेनं म्हणाला. “तुमचा मुलगा याच्यावरूनच औषधं घेऊन फिरायचा. दार आलं की थांबायचं, एवढंच त्याला ठाऊक.”

लेसोथोच्या या उंच डोंगरात गाडीरस्ता नव्हता. डॉक्टर श्रीरंग इथंच तापानं गेला, तेव्हा बर्फानं घाट बंद होता. वाट पाहून पाहून गावकऱ्यांनी त्याला टेकडीवर पुरलं. आपल्या पोराला साधा अग्नीही मिळाला नाही, हे त्र्यंबकरावांना विमानात बसल्यापासून सलत होतं.

झोपडीतून जाड घोंगडी पांघरलेली म्हातारी लगबगीनं बाहेर आली. घोड्यावर भलताच माणूस पाहून तिचा चेहरा उतरला. तिनं घोड्याच्या मानेवरून हात फिरवला आणि डोळे पुसत ती आत गेली.

त्यानंतर त्र्यंबकरावांनी घाई केली नाही. घोडं थांबेल तिथं, दारातलं माणूस आत जाईपर्यंत ते गप्प बसून राहिले.

वस्ती संपली. टेकडीवर दगडांचा लांबट ढीग दिसला, आणि मोलेफीनं टोपी काढली.

घोडं मात्र तिथं थांबलं नाही. श्रीरंगच्या रोजच्या फेरीत ही जागा कधी नव्हतीच. ते सवयीनं पुढच्या वस्तीकडं निघालं, आणि त्र्यंबकरावांना स्वतःच्या हातानं लगाम ओढावा लागला.