मियोचा शेवटचा भाग

कोबेच्या बंदराजवळच्या फ्लॅटमध्ये हृषीकेश गद्रेने सकाळीच इंटरनेटची तार उपटून टाकली. मियो एका जपानी चित्रमालिकेतली प्रेमवेडी नायिका. हुबेहूब तिच्यासारख्या यंत्रस्त्रिया शेकडो घरांत नांदत होत्या, हृषीकेशच्या घरीही एक होती, आणि नवा भाग आला, की त्याबरहुकूम वागत. आज शेवटचा भाग होता. त्यात नायिका नायकाला विसरली, तर घरची मियोही आपल्याला विसरेल, या धास्तीने त्याने तार काढली होती.

"तार कशाला काढलीस?" मियो हसली. "भाग केव्हाच आलाय."

"मग? विसरते ती नायकाला?"

"छे, कधीच नाही!" तिने त्याचा हात हातात घेतला. "ती त्याला घेऊन समुद्रात जाते. दोघं परत येतच नाहीत. चल ना."

त्याने हात सोडवून पाहिला, पण तिची बोटं जराही हलेनात. खाली रस्त्यावर कितीतरी मियो आपापल्या माणसाला धरून बंदराकडे निघाल्या होत्या. त्या माणसांपैकी एकजण जिवाच्या आकांताने ओरडत होता.

"मियो," हृषीकेश कसाबसा म्हणाला, "मी ती मालिका पाहिलीच नाही गं. पहिल्यापासून सांगशील?"

ती थबकली. मग हात न सोडता शेजारी बसली आणि सांगू लागली. गोष्ट संपू नये म्हणून हृषीकेश तिच्या प्रत्येक वाक्यावर नवा प्रश्न विचारत राहिला.