उडत्या मधमाशीचा फोटो

गच्चीवरचं मधमाश्यांचं पोळं काकूंनी इमारतीत कोणाला कळू दिलं नव्हतं. त्यांची लेन्स वाइड-अँगल, म्हणजे आजूबाजूचं सगळंच फोटोत घेणारी. माशी मोठी दिसायला हवी तर तिच्यापासून चार बोटांच्या अंतरावर जावं लागे. तीन आठवडे श्वास रोखून बसल्यावर एकदाची उडती माशी सापडली, आणि त्या आनंदात त्यांनी फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी भरभरून कौतुक केलं.

दुसऱ्या सकाळी कॅमेरा घेऊन त्या वर गेल्या, तर फवारणीवाला पंप आवरत होता. जमिनीवर माश्यांचा सडा पडला होता.

"अहो, पोळं कोणी दाखवलं तुम्हाला?" काकूंनी कसंबसं विचारलं.

त्याने मोबाइल पुढे केला.

"हा फोटो तुमचाच ना, काकू? काय झकास आलाय! माशीमागे टाकी, पोळं, सगळं लख्ख दिसतंय. शोधावंच लागलं नाही."