उघडायची किल्ली

कार्यालयाच्या ऑनलाइन तक्रारपेटीसाठी इंजिनिअरने क्लाउडवर डिजिटल किल्ल्यांची जोडी बनवली. बंद करायची किल्ली सगळ्यांना वाटली, तक्रार कुलूपबंद करून पेटीत टाकायला. उघडायची क्लाउडच्याच पोटात राहिली, महिनाअखेरीला फक्त मोठ्या साहेबांनी वापरायची; तिच्याशिवाय पेटीतली एकही तक्रार वाचता येत नव्हती. मग एकदा डोकं फिरलं आणि पठ्ठ्याने स्वतःच्याच वरिष्ठाबद्दल पेटीत धडधडीत खोटं लिहिलं. दुसऱ्या दिवशी वरिष्ठाने आपल्या डब्यातला घास पुढे केला, तेव्हा पठ्ठ्याला लिहिलेलं परत घ्यावंसं वाटलं; पण पेटीत टाकलेलं काढता येत नव्हतं. शेवटी त्याने उघडायची किल्लीच नष्ट करायला टाकली. विचार बदलायला क्लाउडने सात दिवस दिले. आठव्या दिवशी किल्ली गेली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात साफसफाईच्या मावशी खुर्चीपाशी थांबल्या. “बाळा, मुकादम आम्हाला कसा छळतो, सगळं लिहिलंय मी त्या पेटीत. आज त्याला तोंडावर सांगूनही आले, साहेब वाचणारेत म्हणून.”